एकवीस ए चा लाल टाका

प्रिय लंबू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. एकोणीस वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही, सगळं फोनवर भागवलं. फोनचं बरं असतं बाबा, अडचणीचं काही निघालं की "ऐकू येत नाहीये रे" म्हणून सुटता येतं. ते मी तुला किती वेळा म्हटलंय याची गणती नाही, आणि दर वेळी मला सगळं नीट ऐकू येत होतं. त्या मंगळवारीही आलं. बाबा गेले म्हणून सांगितलं तर तू म्हणालास, "जो माणूस मला निरोप द्यायला आला नाही, त्याला निरोप द्यायला मी का यायचं, आई?" मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. आज नऊ दिवस झाले, माशाचा काटा अडकावा तसं ते वाक्य घशात अडकलंय. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसापासून माझ्याचकडे आहे.

आधी इकडची खबर सांगते, म्हणजे हात जरा सैल होईल. तुला घेऊन गेलेलं ते मोठं विमान परत आलंय, दोन वाटांचं, एका रांगेत आठ खुर्च्यांचं. आपल्या कंपनीने ते आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीला विकलं होतं, आठवतं? निळ्या खोळी जाऊन किरमिजी आल्या, त्याही आमच्याच शिवणखात्याने शिवल्या. आता त्यांनाही ते परवडेना. एवढं थोराड धूड कोण पोसणार, हल्ली सगळ्यांना सडपातळ विमानं हवीत. इंजिनं काढून नेली, आणि ते आमच्या शेडमागे उभं आहे, दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखं. खुर्च्या खाली उतरवल्यात आणि त्यांच्या खोळी उसवायचं काम माझ्याकडे आलंय. सुपरवायझर भला माणूस, म्हणाला, ताई, घरात असं झालंय, पंधरा दिवस येऊ नका. घरात बसून काय करू, भिंती न्याहाळू? पाचव्या दिवशीच कामावर गेले.

आमच्या खात्यातली एक रीत तुला कधी सांगितली नाही. जुन्या मास्तरांनी ती पाडली होती. आपल्या घरचं कुणी विमानाने जाणार असेल, तर त्याच्या सीटच्या गादीला, खोळीच्या आत, लाल धाग्याचा एक फुलीटाका घालायचा. वरून कुणाला दिसत नाही, साहेबालाही पत्ता नसतो. माणूस परत आला की तो टाका ज्याने घातला त्यानेच उसवायचा. खात्यातल्या बायकांचे टाके आठवड्यात उसवले जायचे, महिन्यात उसवले जायचे. माझा एकोणीस वर्षं राहिला. पोरी चेष्टा करायच्या, काकू, तुमच्या धाग्याला आता मुळं फुटली असतील. गाद्या दोनदा बदलल्या, कंपनी बदलली, मी दर वेळी नव्या गादीवर पुन्हा टाका घातला, कारण बाबा विचारायचे. एरवी तुझं नाव काढायचे नाहीत, पण नव्या गाद्या आल्याचं कळलं की जेवता जेवता ताटाकडे बघत विचारायचे, घातलास का. मी घातला म्हणायचे. एकवीस ए, डावीकडची खिडकी.

आता तू म्हणशील, एकवीस ए कसं, मी तर तिथे बसलोच नव्हतो. तेच सांगायला बसलेय. जरा दमाने घे.

तुझे बाबा म्हणजे विमान मागे ढकलणाऱ्या टगचे चालक, आणि त्या कामाचा त्यांना केवढा तोरा होता हे तुला ठाऊक आहे. एवढं मोठं विमान, पण त्याला स्वतःहून मागे जाता येत नाही, मी आहे म्हणून त्याचं चालतं, असं येईल-जाईल त्याला ऐकवायचे. ढकलून झालं की पुढच्या चाकातली पिन काढायची, डाव्या बाजूला लांब जाऊन उभं राहायचं आणि पिनेची लाल फीत वर धरून पायलटला दाखवायची. कॅप्टन असेल मोठा, म्हणायचे, पण माझा हात बघितल्याशिवाय तो एक वीतभर हलत नाही. त्यांनी आपल्यामागे तुला त्याच कामावर लावायचं ठरवलं होतं, वरिष्ठांकडे शब्दही टाकला होता. आणि तू परदेशी शिकायला निघालास. शब्दाने शब्द वाढला. तू म्हणालास, मला जन्मभर लोकांना रवाना करत बसायचं नाही. ते त्यांच्या वर्मी लागलं. मग तेही बोलून गेले, जायचं तर जा, मी निरोप द्यायला येणार नाही. त्यानंतर एका घरात तुम्ही दोघं तीन आठवडे एकमेकांशी बोलला नाहीत, आणि मी दोन खोल्यांमधून निरोप पोचवत फिरले. त्याला म्हणावं जेवून घे. त्यांना म्हणावं जेवलो.

तुझ्या जाण्याच्या चार दिवस आधी त्यांनी मला विचारलं, त्याची सीट कुठली. मी सांगितलं, एकवीस ए. तिथे टाका घातलाय हेही सांगितलं. तर म्हणाले, बाहेरून ती खिडकी कशी ओळखायची. मी खुर्च्यांमधली माणूस, मला पाठ होतं, दुसऱ्या दारापासून मागे सहावी. माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसतील तर ते बाबा कसले. विमान उभं असताना जाऊन स्वतः मोजून आले, हो गं, सहावी. मग मला सगळा बेत सांगितला. ज्याची पाळी होती त्याच्याशी त्यांनी अदलाबदल केली होती. तुझं विमान तेच ढकलणार होते. पायलटला पिन दाखवून झाली की हात खाली घ्यायचा नाही, विमान वळून पुढे सरकेल, तुझी खिडकी समोरून जाईल, तेव्हा दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी काढायची. कॅरममध्ये तुझ्याकडून हरले की ते टोपी काढून तुझ्यापुढे ठेवायचे, विसरला नसशील. म्हणाले, "तोंडाने मला जमायचं नाही. टोपी काढीन, त्याला कळेल." आणि मला शपथ घातली, त्याला आधी सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम बघायचा नाही. असे हे माझे दोन शहाणे.

म्हणजे ते आले होते, बाळा. नवं जाकीट घालून आले होते, धुलाईची घडीसुद्धा मोडली नव्हती.

त्या दिवशी तुला दारातून आत नेऊन रांगेत उभं केलं आणि मी काउंटरवर गेले. तिथे माझी मैत्रीण होती, दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. तुझे बाबा ओळखीपाळखीने काही करून घेणाऱ्यातले नव्हते. एकदा दवाखान्यात मी ओळखीने रांग मोडून पुढे गेले तर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. पण तुझे ते उंटासारखे पाय, आणि अकरा तासांचा प्रवास. मी तिला म्हटलं, पोराला कुठे पाय पसरायला जागा मिळते का बघ ना. तिने बघितलं. दारापाशीच्या रांगेत एकच जागा रिकामी होती, खिडकीची, पण पलीकडच्या बाजूला. ती म्हणाली, देऊ का. मी म्हटलं, दे.

बस, एवढंच. एका शब्दाचं काम. डावं काय, उजवं काय, त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. नव्या सीटचा कागद तुझ्या हातात पडला तेव्हा तू हसलास, आणि तुझं ते हसू मी घरापर्यंत पुरवत नेलं. लहान विमान असतं तर एका खिडकीतून पलीकडच्या खिडकीतलं दिसलं असतं रे. पण त्या विमानात मधे दोन वाटा, चार खुर्च्या, माणसांची डोकी. तू तुझ्या खिडकीतून बघत राहिलास, तिथे नुसती सामानाची गाडी उभी होती.

संध्याकाळी बाबा आले. टोपी टेबलावर ठेवली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "टोपी काढली मी. बघितलं त्याने माझ्याकडे. आणि शटर ओढलं." डाव्या बाजूला दुपारचं ऊन होतं. एकवीस ए मध्ये कोण बसलं होतं देव जाणे, डोळ्यांवर ऊन आलं म्हणून त्या बिचाऱ्याने शटर ओढलं असणार. मला सगळं एका क्षणात लख्ख कळलं. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, आत्ता ओळख लावल्याचं सांगितलं तर घर डोक्यावर घेतील, उद्या सांगू. दोन दिवसांनी तुझा फोन आला आणि तू पहिलं हेच विचारलंस, बाबा आले नव्हते ना? मी म्हटलं, त्यांची ड्यूटी होती रे. बघ कशी मी, खोटंही बोलले नाही आणि खरंही सांगितलं नाही. तू म्हणालास, मी शेवटपर्यंत बघत होतो.

त्या उद्याची एकोणीस वर्षं झाली. पहिले काही महिने भीती होती, हे मी कबूल करते. पुढची वर्षं मात्र भीतीची नव्हती, आणि हे लिहिताना मला माझीच शिसारी येते. तू त्यांच्याशी बोलत नव्हतास म्हणून सगळं माझ्याशीच बोलायचास. नोकरी लागली, ताप आला, लग्न ठरलं, लेक झाली, सगळं आधी मला. तेही तुझी चौकशी माझ्याचपाशी करायचे. उभा जन्म दोघांच्या मधे निरोप्यासारखी फिरले होते, आता दोघांनाही माझ्यावाचून इलाज नव्हता. ते मला आवडत होतं. करून सवरून नामानिराळी राहिले आणि वर दोघांची समजूत घालत राहिले, की जाऊ दे, मोठ्या मनाने घ्या. तू चारदा तिकडे बोलावलंस, मी गुडघ्यांचं निमित्त केलं. गुडघे धड आहेत. तुझ्यासमोर बसून "ऐकू येत नाहीये" म्हणता आलं नसतं.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. त्या रविवारी दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. वरून विमान गेलं, त्यांनी कान दिला, आवाजावरून कुठलं ते सांगितलं, बरोबरच असणार. मग एकदम म्हणाले, "अगं, शटर ओढायच्या आधी त्याने मला ओळखलं असेल ना?" शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. चमचा हातात होता. वाटलं, आता या अवस्थेत यांना हे कशाला, दोन दिवसांचा सोबती माणूस, गोड बोलून वेळ निभवावी. म्हटलं, ओळखलंच असेल की, बापाला कोण ओळखत नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग बरोबर आहे त्याचं." आणि भिंतीकडे तोंड केलं. पेज खाल्ली नाही. मंगळवारी गेले. माझ्या त्या एका वाक्याने त्यांच्या शेवटच्या आशेवर पाणी पडलं. ओळखलं नसेल, एवढाच त्यांना आधार होता, तो मी काढून घेतला.

काल एकवीस ए ची गादी माझ्या हातात आली. टाका जिथल्या तिथे होता. कात्री घेऊन किती वेळ बसले, पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. परत कोण आलंय म्हणून उसवायचा? तू त्या गादीवर कधी बसलाच नाहीस. आणि ज्यांच्यासाठी मी तो पुनःपुन्हा घालत होते, ते आता विचारणार नाहीत. गादी तशीच ढिगात टाकली. उद्या गाडी येऊन सगळं घेऊन जाईल.

तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. इथे यायला उरलंय काय? माफीही मागत नाही, ज्यांच्याकडे ती आधी मागायला हवी होती ते गेले. पण त्या मंगळवारी मी आवाज तुटतोय म्हटलं आणि तू फोन बाजूला ठेवलास, तो बंद करायला विसरलास. तुझी लेक विचारत होती, बाबा, काय झालं? तू तिला म्हणालास, तुझे आजोबा गेले, पण ते मला कधी सोडायलासुद्धा आले नव्हते. ती म्हणाली, वाईट होते का ते? मला सगळं ऐकू आलं. तेवढ्यासाठी हे पत्र. तिला जवळ बसवून सांग, आजोबा आले होते. नवं जाकीट घालून, टोपी काढून, पिनेचा हात वर धरून, विमान नजरेआड होईपर्यंत उभे होते. दुसऱ्या बाजूला उभे होते. आणि तिने विचारलं, दुसऱ्या बाजूला का, तर आजीचं नाव सांग.

तुझीच, तुला अजून म्हणवत असेल तर,
आई