माईंना पाणी कोणी दिलं

सोमवार, ता. ६ फेब्रुवारी १९३३
माईंना इस्पितळात ठेवून आठवडा झाला. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पोटातली गाठ कापण्यासारखी राहिली नाही. दुखणं कमी करू, एवढंच. हे घरी येऊन ओटीवर बसले ते दिवेलागणीपर्यंत. चहा गार झाला.
सासूबाई माझ्या. चौदा वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवली. आता आमटी नकोच म्हणतात, ते ऐकवत नाही.

बुधवार, ता. ८
माईंचं सोवळं तिथंही चालूच. नर्स एस्तेरबाई ख्रिस्ती, म्हणून तिच्या हातचं पाणी नाही. आम्ही जाईपर्यंत घसा कोरडा. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, राहा तशाच. हिने डॉक्टरांना विचारून आमच्यासाठी भेटीच्या वेळेची अट काढून टाकली. ह्यांनी कचेरीत जाताना आणि सुटल्यावर यावं, मधे मी बसावं.
खिडकीतून मिरकरवाड्याच्या मासळीचा वास येतो, माई नाकाला पदर लावतात. एस्तेरबाईने खाट पलीकडे सरकवून दिली, कोणी न सांगता.
माईंची पाठ तीच पुसते, कूस तीच बदलते. ते कसं चालतं, माईंना विचारलं. "अगो, अंग धुता येतं. पोट कसं धुवायचं?"

शनिवार, ता. ११
माई फार कण्हत होत्या. एस्तेरबाई जेवता जेवता उठून आली, पाय चेपत बसली.
"तुझी आई आहे काय गो?"
"नाही, आजी. गावी वारली. मी इथं कामावर होते."
"जा, आधी जेवून घे," माई म्हणाल्या.

सोमवार, ता. १३
माई गेल्या.

मंगळवार, ता. १४
कोपऱ्यात बसून लिहितेय. काल दुपारी इस्पितळात पोचले आणि तिथंच विटाळशी झाले. आता माईंना शिवायचं कसं? ह्यांना आणायला कचेरीत माणूस धाडला आणि वॉर्डच्या दाराशी उभी राहिले. श्वास बदललेला तिथूनही कळत होता. गंगेची लोटी, तुळशीचं पान खाटेजवळ तयार. घरची सून समोर, आणि हात लावायची चोरी. लावला असता तर शेवटच्या घडीला माईच दुखावल्या असत्या. त्यांनीच तर शिकवलेलं.
एस्तेरबाईने माझ्याकडे पाहिलं. सांगावं लागलं नाही, बाईच ती. बूट काढले, हात धुतले.
"काय म्हणायचं असतं?"
"नारायण म्हणा."
ती माईंच्या कानाशी वाकून नारायण, नारायण म्हणत राहिली. गळ्यात क्रूस. माईंनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. थोडं पाणी आत गेलं. हे आले तेव्हा सगळं संपलेलं.
डॉक्टर, दोघी आया हात जोडून उभ्या. खाट रिकामी करा म्हणून कोणी घाई केली नाही. हे माईंच्या उशाशी पोरासारखे रडले. मी दारातच.

शनिवार, ता. १८
आबाकाका आले राजापूरहून. ह्यांचे चुलते, आता घरातले वडीलधारे. ऐकल्याबरोबर म्हणाले, "शेवटचं पाणी बाटलं. प्रायश्चित्त घ्यावं लागेल."
हे गप्प. हे नेहमीच गप्प, पण आज राग आला. मी दाराआडून म्हटलं, "माईंनी बघून तोंड उघडलं."
"शुद्ध कुठे होती तिला?"
होती. पण साक्षीदार मी एकटी, आणि सुनेची साक्ष कोण धरतो. प्रायश्चित्त घेतलं म्हणजे त्या बाईच्या मायेला पाप म्हटलं. माझ्याच्याने ते…

बुधवार, ता. २२
दहावा. कावळा लगेच शिवला. मी आबाकाकांना ऐकू जाईल असं म्हटलं, माई तृप्त गेल्या. तर म्हणतात, कावळ्याला काय कळतं. एरवी त्याच्यावाचून सगळं अडतं.

गुरुवार, ता. २३
आज ह्यांनी आपणहून कोट घातला. "चल," म्हणाले. दोघं इस्पितळात गेलो. डॉक्टरांना नमस्कार केला, आयांना लुगडी दिली. एस्तेरबाईला काय द्यायचं? तेराव्याच्या गोड जेवणाला बोलावलं.
"येईन हो. मागच्या दारी बसेन, सवय आहे."
हे म्हणाले, "मागच्या दारी नाही."
एवढंच बोलले. मला लग्नापासून ह्यांचं इतकं चांगलं बोलणं ऐकल्याचं आठवत नाही. वाटेत दोघांनाही रडू आलं.

शनिवार, ता. २५
पहाटेपासून चुलीपाशी. आता जरा टेकले.
आबाकाका म्हणतात, ती पंगतीत बसली तर पाण्याचा थेंब न घेता राजापूरला जाईन, आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. प्रायश्चित्ताचं अजून ठरलेलं नाही. भटजी कोणाचीच बाजू घेत नाहीत, शहाणे आहेत.
मघाशी ह्यांनी माळ्यावरून माईंचा पाट काढला. स्वतः धुतला, पुसला, बायकांच्या पंगतीत पहिला मांडला. माई गेल्यापासून त्यावर कोणी बसलेलं नाही. आबाकाका बघत होते. गाठोडं बांधून पडवीत बसलेत, पण उठलेले नाहीत.
फाटक वाजलं. खिडकीतून दिसतेय, आली आहे. पायरीखाली उभी, वर चढत नाही. या म्हणायचं ते वडीलधाऱ्यांनी. हे आबाकाकांकडे बघतायत. आबाकाका जमिनीकडे.
मीच जाते.