पडवळाचा वाफा सुनेच्या नावे

मी, कृष्णाबाई धर्मा कोळी, वय वर्षे बहात्तर, राहणार मढ, तालुका बोरिवली, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र सांगते. लिहून घेणारे शरच्चंद्र मास्तर आहेत. जे कायद्यात बसत नाही तेही लिहा, असं मी त्यांना बजावलं आहे.

१. राहतं घर, होडीतला माझा हिस्सा आणि सर्व जाळी मुलगा बाळा याला.

२. घरामागची बारा हात परसबाग बाळाला मिळणार नाही. तिथे खोली बांधून शूटिंगवाल्यांना द्यायचा त्याचा बेत आहे. "आये, पडवळाला भाडं कोण देतो?" असं मला विचारतो. उत्तर पुढे आहे.

३. हे पडवळ फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या अमलापासून आमच्या घरात आहे, असं माझ्या सासूबाई सरूबाई सांगत. बी राखेत घोळून, सुक्या दुधीच्या पोकळ कवचात भरून चुलीवर टांगायचं. वेलाशेजारी बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरायचं, भोकात चिंधीची वात. पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जातं. पडवळ वाकू नये म्हणून टोकाला दगड बांधायचा. माती चाखून पाहायची. अक्षरशत्रू बायकांनी हे शोधलं आणि अडीचशे वर्षं एकही पावसाळा चुकू दिला नाही. त्या मडक्यावर हात ठेवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

४. आता माझा गुन्हा. आम्ही मासळीची घाण वर्षभर कुजवून वेलांना घालतो, पण खारवलेली कधीच नाही. सन १९७९ मध्ये कामाच्या घाईत मी बांगडे खारवलेल्या पिंपाचा गाळ वाफ्यात ओतला. आठ दिवसांत वेल जळाले. दुधीतलं बी सगळं पेरून झालं होतं, आणि नव्या बियाला एक फळ उरलं नाही. नवी सून सुगंधा त्याच आठवड्यात, बाजूला बसलेली असताना, अळू खुडायला परसात गेली होती. 'हिच्या विटाळाने वेल जळाले', असं मी विहिरीवर चारचौघींत बोलले. मातीची चव मी त्याच दिवशी घेतली होती. खारट होती. तरी सहा वर्षं मी तिला परसात पाऊल टाकू दिलेलं नाही.

५. पुढच्याच वर्षी मृगाआधी उंबऱ्यावर एक पुडी सापडली. राखेत घोळलेलं पडवळाचं बी, अकरा दाणे. वेलावर विसरून पिकलेलं एक पडवळ लग्नाच्या वर्षी मी सुगंधाला फेकायला दिलं होतं, त्याचं बी तिने राखलं होतं. हे मला बाळाकडून कळलं. ती आजवर एक शब्द बोललेली नाही. एवढ्या मोठ्या मनाची पोर माझ्या चुलीपाशी वावरते आणि मी नुसती बघत राहते.

६. परसबाग, मडकी आणि बी सुगंधाच्या एकटीच्या मालकीचं. मास्तर म्हणाले, "कृष्णाबाई, हे जिवंतपणीच सांगा की तिला." धीर होत नाही, म्हणून हा कागद. माझ्या बाराव्याला कलम चार विहिरीवर, सगळ्या बायका जमवून, मोठ्याने वाचावं. मग वाफ्याला पाणी सुगंधानेच घालावं. त्या दिवशी ती बाजूला बसलेली असली, तरीही.

वाचून दाखवलं, ऐकलं, कबूल आहे.

निशाणी डावा अंगठा: कृष्णाबाई धर्मा कोळी
साक्षीदार: १. जयवंत अनंता कोळी २. सीताराम बळवंत किणी
ठिकाण: मढ. दिनांक: २३ मे १९८५