बुजवलेल्या नळ्या

बाबा, तुमच्या गाडीचा रेडिएटर मी या फेब्रुवारीत उघडून घेतला. तुम्ही होतात तोवर त्याला कुणाला हात लावू दिला नाहीत, म्हणून हे आधी सांगते. बहारीनमधल्या सित्र्याच्या गॅरेजातला म्हातारा मेकॅनिक रायगडकडचा आहे, जुन्या गाड्यांचंच काम घेतो. त्याने रेडिएटरची वरची टाकी सोडवली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला जवळ बोलावलं. "मॅडम, हे बघा. हे कुनी केलंन?" आतल्या निम्म्याहून जास्त नळ्यांची तोंडं सोल्डर मारून बंद केलेली होती. एकेक थेंब जागच्या जागी, कुठे ओघळ नाही. तो हात मी लगेच ओळखला. माझ्या तुटलेल्या कंपासपेटीच्या बिजागरीवर असाच थेंब होता. "माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. "काम नंबर एक हाय," तो म्हणाला, "पन गाडीचा गळा दाबलाय."

मी तिथेच एका टायरवर बसले. राग इतका आला की त्याने दिलेला चहा मी तसाच बाजूला ठेवला.

कंपनीत तुमचं कामच ते होतं. तेल गार करणाऱ्या त्या अवाढव्य कूलरची एखादी नळी गळायला लागली की तिच्या दोन्ही तोंडांना प्लग मारायचा आणि कूलर पुन्हा चालू करायचा. शेकडो नळ्यांमधल्या चार बंद झाल्या तरी त्या प्रचंड यंत्राला फरक पडत नसे. तीच सवय तुम्ही घरी आणलीत. पण एका छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या रेडिएटरमध्ये नळ्या असतात तरी किती? इथल्या मचूळ पाण्याने एक नळी खाल्ली की तुम्ही ती बुजवायचात. मग इंजिन थोडं जास्त तापायचं, आणि तुम्ही हीटरचा नॉब थोडा जास्त बाहेर ओढायचात. "हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच. इंजिनाची गरमी ओढून घेतो," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने समजावायचात. ओढून कुठे टाकतो, हे मात्र कुणी विचारत नसे. आईच्या पायांवर. आणि मागच्या त्या नावापुरत्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या माझ्या तोंडावर.

बहारीनचा जून महिना, सकाळचे सात, आणि आपल्या गाडीत हीटर चालू. सीटच्या काळ्या रेक्झिनवर आई ओला टॉवेल अंथरते, तो शाळा येईपर्यंत वाळतो. मी फाटकाशी उतरते तेव्हा गणवेशाचा पिनाफोर पाठीला चिकटलेला असतो. सिस्टर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि इंग्रजीत विचारतात, "समुद्रातून पोहत आलीस का?" मुली हसतात. मी मान वर करून सांगते, माझ्या बाबांची गाडी इंग्लंडची आहे, तिला इथली हवा सोसत नाही, पण माझ्या बाबांना सगळं दुरुस्त करता येतं. हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. दोष हवेचा होता, गाडीचा होता. तुमचा कधीच नव्हता.

आणि त्या बुद्धपौर्णिमेला दोष माझा झाला. आठवतं? सातवीत होते मी. आपण वंदनेला निघालो होतो, आई नव्या पांढऱ्या साडीत. सलमानियाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या आणि तापमानाची सुई चढायला लागली. तुम्ही नॉब पूर्ण बाहेर ओढलात. आईचा चेहरा साडीसारखाच पांढरा पडला होता, ती खिडकीला डोकं टेकवून बसली होती. मी पुढच्या दोन सीटांमधून हात घातला आणि नॉब आत ढकलला. तुमचं लक्ष रस्त्यावर होतं. थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. कंपनीच्या बसमधून सगळी मंडळी वंदनेच्या हॉलकडेच चालली होती, त्यांनी खिडक्यांतून वाकून पाहिलं. रस्त्याच्या कडेला, सगळ्यांदेखत, आत गेलेला नॉब दाखवत तुम्ही मला म्हणालात, "मारलीस गाडी. दहा मिनिटं कळ काढता आली नाही." आई उन्हात उभी होती. तिचं तुम्ही नावही काढलं नाहीत. हॉलमध्ये पोचल्यावर वंदना चालू असतानाच ती खाली कोसळली, आणि तिला सलाइन लावावं लागलं.

पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांसमोर ती गोष्ट तुम्ही हसत सांगत राहिलात. "हिनं माझी गाडी मारली." मीही हसायचे. त्या दिवसानंतर इंजिन उघडलंत तेव्हा रेडिएटरही उतरवला असणार ना? बुजवलेल्या नळ्या तुम्ही स्वतः मोजल्या असणार. तरी हसत राहिलात.

गॅरेजातून सनाबिसला घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यायले माहीत होतं." मी म्हटलं, "तुला?" "मलेही. सांगितलं होतं मले. पोरीले सांगू नको म्हणे. ते शाळेत सांगत फिरते, माह्या बापाले सगळं दुरुस्त करता येते म्हणून." मग काड्या गोळा करत, "काहून चिडतं वं आता? माणूस गेला," म्हणाली.

हे ऐकून माझा राग उतरायला हवा होता. उतरला नाही, वाढला. माझ्या नजरेत मोठं राहण्यासाठी तुम्ही मलाच गुन्हेगार ठरवलंत. बाबा, मी बारा वर्षांची होते. "नळ्या मीच बुजवल्या" असं तुम्ही सांगितलं असतंत तरी मी आधी तुम्हालाच पाणी आणून दिलं असतं.

गाडी कव्हरखालून काढायचं आईनेच सुचवलं होतं. "यंदा पौर्णिमेले त्याच गाडीत जाऊ," म्हणाली, का ते सांगितलं नाही. मी मेकॅनिकला सांगितलं, आईला आता उकडलेलं चालणार नाही. त्याने नवा रेडिएटर बसवला, पुढे विजेचा पंखा लावला. इंजिन आणि आतली बाजू यांच्यामधल्या पत्र्याची उघडी भोकं रबराने बंद केली, पायाखाली उष्णता अडवणारा जाड थर टाकला, डॅशबोर्डखाली छोटा एसी अडकवला. तुम्ही म्हणाला असतात, गाडीची वाट लावली. "आनि हीटर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काढून टाका. खलास."

पौर्णिमेला आईला त्या खोल सीटमध्ये बसवायला बराच वेळ लागला. तिने पांढरी साडी गुडघ्यांवर सारखी केली. सलमानियाच्या सिग्नलला मी सुईकडे पाहिलं, ती मधोमध, हलत नव्हती. इतका साधा उपाय होता, बाबा. तेवढ्यात आई पुटपुटली, "पाय गार पडले वं," आणि तिचा हात न बघता पुढे गेला आणि नॉब बाहेर ओढला. पायांशी गरम वारा आला. जुनी धूळ, तापलेलं रबर, तुमच्या खाकी शर्टाचा वास. आई हसली. मी तो नॉब हॉल येईपर्यंत आत ढकलला नाही.

हीटर काढायला सांगितलं असं वर लिहिलंय, ते खरं आहे. दुसऱ्या दिवशी गॅरेजात फोन करून "राहू द्या" म्हटलं, ते लिहायचं टाळलं होतं.