सूचना फलकावरचं सातवं नाव

गुरुजी, एक गंभीर तक्रार आहे, आणि हयात माणसांपैकी कोणाला ती ऐकायला सवड नाही. तक्रार मामलेदार कचेरीतल्या कागद डकवायच्या खळीबद्दल आहे. सरकारी पेन गळतं, खुर्ची डुगडुगते, शिक्का अर्धाच उमटतो. मग एकट्या खळीनंच एवढं कर्तव्यदक्ष का असावं? परवा मी शिरूर नगरपालिकेच्या उमेदवारांची यादी फलकावर डकवली आणि काल संध्याकाळी, कोणी बघत नाही असं पाहून, तिचा एक कोपरा नखानं उचकटू पाहिला. नख तुटलं. कागद हलला नाही. संस्कृतच्या मास्तरला निवडणुकीच्या कामाला जुंपलं की असले पराक्रम घडतात.

त्या यादीत सातवं नाव तुमच्या मुलीचं आहे. नाव, वय, पतीचं नाव, राहण्याचा पत्ता. सगळं माझ्या अक्षरात.

चौदा वर्षांपूर्वी तुम्ही तिला दौंडहून एसटीनं माझ्या घरी आणलंत. तिचा उजवा हात झोळीत होता. तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत. "जावई विचारायला आला तर ती इंदूरला मावशीकडे आहे. शिरूर हा शब्द तुझ्या तोंडून निघायचा नाही," एवढं बजावून तुम्ही परतीची गाडी धरलीत, आणि दोन वर्षांनी कायमचेच गेलात. तो शब्द मी पाळला. ती आमच्या मागच्या खोलीत राहते, शिवण शिवते, सकाळी बालवाडी चालवते, तुमचं नाव लावते. बहात्तरच्या दुष्काळात टँकर आला की रांग तीच लावून द्यायची, आणि मध्ये घुसणारा कितीही मोठ्या घरचा असला तरी त्याला पार शेपटाला धाडायची. ते लोकांच्या लक्षात राहिलं, म्हणून गल्लीनंच यंदा तिचा अर्ज भरला.

छाननीच्या दिवशी मी साहेबांशेजारी दौत-टाक घेऊन बसलेलो. समोरच्या उमेदवाराचा सूचक, पेठेतला तेलवाला, उठला. "सायेब, हरकत हाय. अर्जावर बाईच्या बापाचं नाव हाय. गळ्यात काय बी न्हाई, आन् नवरा मेल्याचं बी कुनी ऐकलं न्हाई. मंग हाय कोन? नळाची किल्ली जिच्या हाती द्यायची, तिचं घरदार ठावं नगं व्हय आमाला?"

मला राग आला, पण वाक्यात दोष काही सापडेना. मतं मागणाऱ्यानं आपण कोण ते सांगावं, असं तुम्हीही म्हणाला असता. आता त्याच्याच उमेदवाराचं दुसरं बिऱ्हाड नगरला आहे हे सगळी पेठ जाणते. पण अर्जात दुसऱ्या बिऱ्हाडाला रकाना नाही, तेव्हा तो निष्कलंक ठरतो.

साहेब भले निघाले. म्हणाले, "बाई, वडिलांचं नाव चालतं. बाकीचं सांगायला तुम्ही बांधील नाही." मी मनातल्या मनात त्यांना साष्टांग घातला. पण ती उठून उभी राहिली.

"सांगायचंय मला. लग्न झालंय. नवरा हयात आहे. त्यानं माझा हात मोडला म्हणून मी निघून आले. लिहून घ्या त्याचं नाव."

तेलवाला हळूच खाली बसला. "एवढं न्हवतं इचारलं, ताई," म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी लिहिलं.

घरी आल्यावर मी तिच्याशी भांडलो. ती शेंगदाणे निवडत होती. म्हणाली, "दादा, चौदा वर्षं कडी वाजली की माझा श्वास अडकतो. आता नगरपालिकेत बसूनही तेच करू?"

"गप्प राहता आलं असतं."

"ते तुम्हाला छान जमतं," ती म्हणाली, आणि खडा बाजूला टाकला.

मतदानाला अजून अकरा दिवस आहेत. न्हावऱ्यावरून येणारी दौंडची गाडी दुपारी लागते आणि शाळेच्या खिडकीतून स्टँड दिसतो. 'गम्' धातू चालवता चालवता मी मध्येच थांबतो. मुलांना वाटतं, सर विसरले. आज एक आडदांड गडी फलकावर बोट फिरवत ओळ न् ओळ वाचत होता. मी खांबाआड सरकलो. तो कवठे येमाईचा निघाला, रेशनकार्डाची नोटीस शोधत होता. मीच ती शोधून दिली, वर त्याला पान खाऊ घातलं. दाराला नवा अडसर बसवून घेतलाय. जेवण जात नाही.

सगळ्यांना सांगतो, तिच्या काळजीनं. तुम्हाला ते सांगवत नाही. तिला इथं आणल्यावर महिन्याभरानं मी तिची खुशाली द्यायला दौंडला आलो होतो. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो, तुम्ही भाकरी वाढत होता, आणि जावई काठी घेऊन दारात आला. तुम्ही हात न धुता बाहेर गेलात. मी मागच्या दारानं शेजाऱ्यांना बोलवायला धावलो, असं तुम्ही शेवटपर्यंत लोकांना कौतुकानं सांगत राहिलात. शेजारी तुमचा आवाज ऐकून आले होते, गुरुजी. मी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलो होतो. दोन गाड्या गेल्या, तेव्हा उठलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच एवढं लिहवलं. तो येईल याची भीती आहेच. पण तो आला, तर मी तिच्यापुढे उभा राहीन की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.