मार्सेलला, सुट्टीच्या दिवशी

अबू हलीफा, कुवेत
३ मे २००४

ती. आनंदीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अहोजाहो केलंस तर उत्तर देणार नाही, हा तुझा दम पोचला. म्हणून आजपासून तू.

मोठी बातमी आधी. आई पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली आहे, आणि निखिलने जूनमध्ये आम्हां चौघांची बार्सेलोनाहून निघणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली आहेत. त्यात एक दिवस मार्सेल! म्हणजे तुझ्या ओबान्यपासून अर्ध्या तासावर.

तिथे उतरून काय करायचं याचा कागद जहाजवाल्यांनी पाठवलाय. बसने कासी गावाला जाऊन समुद्राकाठचे कडे आणि होड्या बघा, नाहीतर एक्स गावचा बाजार, नाहीतर टेकडीवरचं चर्च. आमच्या मयूरला होड्या हव्यात. तो इंग्रजीतून मागतो, मी मराठीतून नाही म्हणते, आणि शेवटी त्याचंच होतं. कासीच्या बसमध्ये जागा धरून ठेवल्या आहेत.

आईला विचारलं तर म्हणाली, न्याल तिथे येईन, मला काय. पण तुझी पत्रं मी बाहेर गेले की ती वाचते. चष्म्याचं घर तिथेच विसरते ना! शेवटी सरळच विचारलं की मावशीला भेटायचं का. बराच वेळ भाजी निवडत बसली. मग म्हणाली, ती धक्क्यावर आली तर भेटेन.

मावशी, तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तेव्हा नक्की ये. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, सकाळी नऊला जहाज लागेल, त्याचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय. तू आलीस की बस सोडून देऊ. फोनवर तुला ऐकू येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त या पत्रावर.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
नीरजा

ओबान्य
१९ मे २००४

चि. सौ. नीरजास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. लता भाजी निवडत बसली म्हणतेस, म्हणजे तिने देठंसुद्धा निवडली असतील. विचारात पडली की लहानपणीही असंच करायची.

मी पिएरशी लग्न केलं तेव्हा दादांनी, तुझ्या आजोबांनी, घरात माझं नाव काढायचं नाही असं बजावलं. लता विशीतली, तिने ऐकलं. त्याचा राग नाही. पण दादा गेल्यावरही तिने नाव काढलं नाही, ते मात्र फार लागलं. आता पिएरही नाहीत. भांडायला माझं म्हणून एकच माणूस उरलं आहे, आणि ते जहाजातून येतंय!

सुट्टीचा दिवस आहे हे फार बरं झालं. शेजारच्या मादाम रूचं कापडाचं दुकान त्या दिवशी बंद असतं, ती मला गाडीतून आणील. हरभऱ्याची डाळ इथे अरबांच्या दुकानात मिळते. पुरणपोळ्या करून आणते. बिघडल्या तर लताला सांगू नकोस, तिला खाल्ल्यावर कळेलच.

लोभ आहे, तो डब्यासकट आणते.
तुझी आनंदीमावशी

अबू हलीफा
२ जुलै २००४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागात लिहायचं नाही म्हणून थांबले होते. राग गेलेला नाही, पण आता विचारल्यावाचून राहवत नाही. तू का आली नाहीस?

शुक्रवारी, १८ तारखेला, आम्ही नवाला धक्क्यावर उतरलो. आई ठेवणीतलं हिरवं इरकल नेसली होती. कुणी म्हातारी बाई दिसली की ती पदर सारखा करायची. बस दहाला सुटणार होती. ती सुटायची वेळ झाली तरी तू नाहीस. मी म्हटलं, पत्ता आहे, टॅक्सी करून घरी जाऊ. निखिलही तेच म्हणाला. आई म्हणाली की यायचं असतं तर आली असती, आपण होऊन कुणाच्या दारात उभं राहायचं माझं वय नाही. आणि जाऊन बसमध्ये बसली, खिडकीशी. तिच्यामागून मीही चढले. चढायला नको होतं.

कासी सुंदर आहे. मयूरने पुष्कळ फोटो काढले, एकातही आई समोर बघत नाही. आता ती पुण्याला परत गेली आहे. तुझा विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवते, फोनवर मला ऐकू येतो.

उत्तराची आशा आहे.
नीरजा

ओबान्य
१५ जुलै २००४

चि. सौ. नीरजास,
आशीर्वाद.

कुठला शुक्रवार? मी रविवारी गेले होते.

नवाच्या आधीच डबा घेऊन उभी होते. धक्क्यावरच्या माणसाला जहाजाचं नाव दाखवलं, तर ते परवाच येऊन गेलं असं त्याने बोटांनी सांगितलं. मला वाटलं, दिवस बदलला आणि लताने तुला कळवू दिलं नाही.

मग तुझं पत्र आलं, आणि शुक्रवार हा शब्द मी दोनदा वाचला. अगं, तुमच्याकडे शुक्रवारी सुट्टी! मागे एकदा तू लिहिलं होतंस की तुम्ही कुवेतकर हळदीकुंकूसुद्धा शुक्रवार गाठून करता. इतकी वर्षं तिथे राहून तुला सुट्टी म्हटलं की दुसरा वार कसा दिसेल? आणि मला रविवारवाचून कसा दिसेल? तारीख तू लिहिली नाहीस, मी विचारली नाही.

त्या शुक्रवारी मी घरीच होते, दार उघडं टाकून डाळ निवडत. टॅक्सी दारात आली असती तर पहिल्यांदा मलाच दिसली असती.

लताला सगळं सांग. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टर मला विमानात बसू देत नाहीत, तेही सांग.

तुझ्यावरचा लोभ होता तसाच आहे, रडत बसू नकोस.
आनंदीमावशी

पुणे
९ ऑगस्ट २००४

ती. ताईस,
लताचा शिरसाष्टांग नमस्कार.

नीरजाने फोनवर सांगितलं आणि रडली. तिला म्हटलं, तुझी चूक वाराची, ती कुणाचीही होते. माझी तशी नाही, आणि ती तिला सांगता येईना, म्हणून तुला लिहिते.

कासीला जाताना रस्त्यावर निळी पाटी आली. मला फ्रेंच येत नाही, पण पाकिटांवरचा तुझा पत्ता इतक्यांदा वाचला होता की गावाचं नाव बघताच ओळखलं. नीरजा मयूरशी बोलत होती. तिला नुसता हात लावला असता तरी तिने बस थांबवली असती. मी पाटी मागे पडेपर्यंत बघितलं आणि गप्प बसले. मला वाटत होतं, ताईने मला शिक्षा केली, आता मीही करते. शिक्षा करताना मला बरं वाटत होतं, ताई. ते आठवलं की आता जेवण जात नाही.

गुडघे पार गेले. जिना उतरायचा तरी कुणीतरी लागतं, पुन्हा परदेश होणे नाही. तुला येता येत नाही. म्हणजे आपल्याला तो एकच दिवस होता, आणि मी तो होड्या बघण्यात घालवला. त्यासुद्धा बघितल्या नाहीत.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
लता

ओबान्य
२६ ऑगस्ट २००४

चि. लतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर लगेच ओळखलं, उघडायला मात्र संध्याकाळ झाली.

पाटीचं वाचून संताप आला. तुला चार शब्द सुनवायला बसले, आणि माझंच मला आठवलं. नीरजाला लिहिलं नाही ते तुला लिहिते. त्या रविवारी धक्क्यावरच्या माणसाने मला एक चिठ्ठी लिहून दिली होती: तुमचं जहाज दुसऱ्या दिवशी, सोमवारी, इटलीत जेनोव्हाला लागणार होतं. गाडीने चार-पाच तासांची वाट. मादाम रू दुकान बंद ठेवून मला न्यायला तयार होती, गाडीत पेट्रोलसुद्धा भरून घेऊ लागली. मी म्हटलं, नको. जी न भेटता गेली तिच्यामागे मी कशाला धावू? पोळ्या मादाम रूला दिल्या.

तेव्हा दिवस तू एकटीने नाही घालवला. तुझा शुक्रवार गेला, माझा सोमवार.

आता नीरजाला मध्ये घालू नकोस, मलाच लिही. डोळे आहेत तोवर मी वाचीन.

लोभ असावा असं लिहून पत्र संपवायची आपल्याकडे रीत. तो होताच, लते. आधी कोणी दाखवायचा, एवढ्यावरून आपण म्हाताऱ्या झालो.

तुझी,
ताई