परत आलेला भोपळा

रविवार, दिवेलागण. आदिलाबाद.

भोपळा ओट्यावर तसाच आहे. सुशीला तो कापत नाही, कोणाला देतही नाही.

आज चर्चमध्ये पिकाची उपकारस्तुती झाली; ज्यानं त्यानं आपल्या घरचं पीक देवाला वाहिलं. नंतर नेहमीप्रमाणे वाहिलेल्या जिनसांची हर्रास. आपल्याच जिनसेवर आपण बोली लावत नाही, म्हणून इतकी वर्षं आमचा भोपळा शेजारच्या शांताबाई घ्यायच्या आणि त्यांची तूर आम्ही. ईस्टरनंतर त्यांचा मुलगा त्यांना कायमचं मंचेरियलला घेऊन गेला. मग आता भोपळा कोण घेणार, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

पाळकांनी भोपळा उचलून धरला. आधी तेलुगूत विचारलं, मग मराठीत. कोणीच बोली लावेना. त्यांनी तो छातीशी टेकवला, एवढा मोठा तो. मी खाली बघत राहिलो. दुसरं काय करणार होतो? शेवटी सुशीलानंच हात वर केला.

घरी येऊन मी विळी घेतली, तर म्हणाली, "देवाले देलं हाय ते. आपून कसं खावं?"

"मंग काऊन घेतलं?"

"तिथंच पडू देऊ काय मंग?"

मी विळी जागेवर ठेवून दिली.

आत्ता हैदराबादहून प्रकाशचा फोन आला. "आई, यंदा भोपळा कोणी घेतला?"

"शांताबाईनं. आणखी कोण घेईन?"

शांताबाई मंचेरियलला गेल्याचं पोराला आम्ही सांगितलं नाही, की त्यानं कधी विचारलंच नाही?

"मावशीला माझा सलाम सांग," तो म्हणाला.

"सांगतो," म्हणाली, आणि भोपळ्यावर फडकं टाकलं.