ईशान्येचा ठिपका

१४ मे २००७, तिलक नगर, जयपूर

आज सकाळी पोहोचलो. चंद्रकांतमामा स्कूटर घेऊन स्टेशनवर आले होते. गिरिजामामीने पोहे केले होते. त्यांची सहा वर्षांची तनया दर वाक्यात ‘मतलब’ घालत मला सारे घर दाखवत होती. बारावीला अडकलेल्या भाच्याला मामांनी नोकरी लावून दिली आहे. बंदरांच्या रडारची जुनी रेकॉर्डिंग बघायची आणि कोणती जहाजे धडकता धडकता वाचली ते टिपायचे. विमा उतरवणाऱ्यांना धोका किती ते कळावे लागते. वाळवंटात जहाजे! मामी म्हणाली, बरे झाले, निदान बुडायची भीती नाही.

१६ मे

मानसरोवरच्या ऑफिसात आमचे साहेब कौशिकजी नीट शिकवतात. पडद्यावर जहाज म्हणजे ठिपका. एक जहाज मध्यभागी धरायचे आणि दुसरे तिथून कोणत्या दिशेला दिसते ते बघत राहायचे. दिशा बदलत गेली, तर ते बाजूने निघून जाणार. दिशा तीच राहिली आणि अंतर घटत गेले, तर टक्कर. काम मला आवडले.

२१ मे

ईशान्येला एक बिननावाचा ठिपका आहे. कोणतेही जहाज मध्यभागी धरले, तरी तो ईशान्येलाच. कौशिकजी म्हणाले, लाटांचा खोटा इको असेल, पुसून टाक. पुसला.

२३ मे

आज बंदर वेगळे, वर्ष वेगळे. ठिपका तोच, जास्त जवळ. कौशिकजींना बोलावले. त्यांना काहीच दिसेना. चष्म्याचा नंबर कधी तपासलास, भैया, म्हणाले. सगळे हसले.

२५ मे

दुपारी आंधी आली. गच्चीवर कपडे काढत होतो. पिवळ्या धुळीत ईशान्येकडून भोंगा वाजला. जहाजाचा, लांबलचक. मामी म्हणाली, कसला भोंगा? पण तनयाने दोन्ही कान झाकून घेतले होते.

२६ मे

धुळीत दिवे. डावीकडे हिरवा, उजवीकडे लाल. दोन्ही एकदम दिसतात, म्हणजे जहाजाचे नाक थेट इकडे. मध्यभागी मी आहे. मी इथे राहिलो तर ते या घरावर—

कुणाला न सांगता निघालो.

२७ मे

मानसरोवरच्याही पलीकडे, मोकळे मैदान. आसपास कुणी नाही. पुन्हा आंधी. दिवे ईशान्येलाच. बरे झाले, माझ्याच मागे आहे.

नाही. दिशा बदललीच नाही, म्हणजे मी बाजूला झालोच नाही. त्याच रेषेवर नुसता मागे सरकलो. तिलक नगर इथून ईशान्येला. घर आता मधे—

फोन लावला. तनयाने घेतला. मामा-मामी मला शोधायला गेलेत, मतलब, ती एकटीच. म्हटले, खाली पळ, गल्लीतून बाजूला, लांब— म्हणाली, दादा, बाहेरून कुलूप आहे.

मग फोनमध्ये भोंगा. इथे अजून काही नाही, फक्त फोनमध्ये. तिला ओरडून सांगतो आहे, खिडकीपासून—

फोन बंद.

आता इथेही. हिरवा, लाल. मधे काहीतरी लहानसे, हात हल